काय दिसलं?

सासूबाईंना सासऱ्यांचा जुना मित्र चष्मेवाला भर बाजारात टोमॅटो निवडताना सापडला आणि तिथल्या तिथे त्यांचं बिंग फुटलं.

सासऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे चष्मेवाला त्या घटकेला समुद्रात असायला हवा होता. ते स्वतः सकाळीच सामान घेऊन गेले होते आणि जाताना "तो येतोय ना बरोबर?" या प्रश्नाला नेहमीसारखं "हो, हो" करून गेले होते. सासूबाईंनी टोमॅटोच्या ढिगापलीकडून विचारलं, "भावोजी, तुम्ही इथे कसे?" चष्मेवाला बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "वहिनी, माझ्या कानाचा पडदा गेल्याला दोन वर्षं होतील. डॉक्टरांनी पाणी बंद केलंय. का, तो बोलला नाही?"

सासऱ्यांना नाद एकच. छाती भरून श्वास घ्यायचा, पाण्याखाली उतरायचं आणि रबराच्या बंदुकीतून भाला सोडून मासा मारायचा. पाठीवर हवेची टाकी वगैरे काही नाही; जेवढा श्वास तेवढी शिकार. या नादाचा पहिला नियम असा, की एकजण खाली गेला की दुसरा वर थांबतो आणि खालच्यावरची नजर काढत नाही. तरुणपणापासून सासरे आणि चष्मेवाला अशी जोडी होती. चष्मेवाल्याचा कान गेला तशी ती मोडली, पण सासऱ्यांनी घरी ती मोडू दिली नाही. दोन वर्षं ते एकटेच जात होते आणि "आज आम्हाला हा मिळाला" असं म्हणत मासा ओट्यावर ठेवत होते.

त्या दुपारी घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडायला दोघं लागतात, आणि सासरे ओले केस पुसत मुकाट बसले होते.

"बरोबर माणूस न्या," सासूबाई शेवटी म्हणाल्या, "नाहीतर ती बंदूक उद्या भंगारात."

"या वयात नवा माणूस कुठून पैदा करू? आणि मी काय कुकुलं बाळ आहे?"

"बाळ असतात तर बरं झालं असतं. बाळाला कोणी एकटं पाण्यात सोडत नाही."

मुलाकडे बघण्यात अर्थ नव्हता. तो बेकरीत भट्टीवर काम करायचा. आगीला भ्यायचा नाही, पण बोटीचं नुसतं चित्र पाहिलं तरी त्याला मळमळायचं.

"मी जाते की," सून म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला तर हसूच फुटलं. तिला घरात भिंगरी म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हे. चहा उकळेपर्यंत ती दोन खोल्या झाडून यायची आणि चहा उतू गेला की तिसऱ्या खोलीतून ओरडायची. कोपऱ्यावर तिचं केस कापायचं दुकान होतं. तिथे एका बाईच्या केसांत कात्री, दुसरीच्या डोक्यावरच्या मशीनकडे डोळा आणि दारातून येणाऱ्या तिसरीशी गप्पा, असं तिचं दिवसभर चालायचं. तिची नजर एका जागी ठरलेली कोणी पाहिली नव्हती. पोहायला मात्र ती पट्टीची होती, आणि घर-दुकान करून तिचा जीव उबगला होता.

"ही?" सासरे म्हणाले. "ही वर थांबून माझ्याकडे बघणार? ही आरशातसुद्धा धड बघत नाही."

"तुम्हाला निवडायला माणसांची रांग लागलीय का?" सासूबाईंनी विचारलं. मग सुनेचा हात धरून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जसे जातील तसे परत आण, बाई. मला मासा नको." त्यांचा हात थंडगार होता. तो थंडपणा सुनेच्या मनगटावर बराच वेळ राहिला.

सासरे लिफ्टचे मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते, आणि शिकवायला लागल्यावर त्यांच्यातला मेकॅनिक जागा झाला. "शाफ्टमध्ये माणूस उतरला," ते पोहण्याच्या तलावाच्या काठावर बसून सांगत, "की वरच्या माणसाने स्विचपासून हलायचं नाही. लघवीला लागली तरी नाही. काही बिनसलं की मी प्रत्येकाला एकेकटा उभा करायचो आणि म्हणायचो, क्रमाने सांग. आधी काय, मग काय, मग काय. ज्याला मधलं सांगता यायचं नाही, तो त्या वेळी जागेवर नव्हता, हे मी डोळे मिटून ओळखायचो."

"मग समुद्रात दोन वर्षं तुमच्या स्विचपाशी कोण होतं?"

यावर सासरे मास्कच्या काचेला थुंकी चोळण्यात एकदम गढून गेले. थुंकी चोळली की काचेवर वाफ धरत नाही, आणि नको त्या प्रश्नाचं उत्तरही टळतं.

सुनेला वाटलं होतं, पहिल्या दिवशीच बंदूक हातात येईल. हाती आलं ते तलावाच्या पाण्यात पालथं पडून राहणं. हलायचं नाही, हातपाय सैल, नळीतून संथ श्वास. मग नाक चिमटीत धरून कानात हवा भरणं, कान दुखायच्या आधी. दुखला तर तिथूनच मागे. मास्कमध्ये पाणी शिरलं तर न घाबरता ते फुंकून काढणं. "बंदूक कधी?" ती रोज विचारायची. "तुला गप्प राहता येईल तेव्हा," सासरे रोज म्हणायचे. श्वास रोखणं तिला चटकन जमलं. शांत राहणं काही केल्या जमेना. पाण्यात पालथी पडल्यापडल्या तिच्या डोक्यात दुकान, गॅस, वाळत घातलेले कपडे असं सगळं फिरत असायचं.

बंदूक अखेर हातात आली ती घराच्या मागच्या जिन्यात, कोरड्यात आणि रबर न ताणता. रबर ताणायचं ते पाण्यात उतरल्यावर आणि सोडायचं ते पाण्याबाहेर येण्याआधी. चाप अडवणाऱ्या खटक्याच्या भरवशावर राहायचं नाही. रिकामी असली तरी ती भरलेलीच समजायची. एकदा स्वयंपाकघरातून सासूबाईंनी हाक मारली आणि सून हातातल्या बंदुकीसकट गर्रकन वळली. भाल्याचं टोक सासऱ्यांच्या पोटासमोरून गेलं. सासरे ओरडले नाहीत. त्यांनी तिच्या हातातून बंदूक काढून घेतली, घरात नेऊन कपाटावर ठेवली, आणि पुढचा अख्खा आठवडा सुनेला बंदुकीकडे बघूसुद्धा दिलं नाही. तिला त्यांचा भयंकर राग आला, आणि ते बरोबर होते म्हणून आणखी आला.

मग मासळीबाजार. विकत काही घ्यायचं नाही, नुसतं टोपल्यांपुढे उभं राहून मासे ओळखायचे. विकणाऱ्या बायका वैतागायच्या. "ओळखता आला नाही तर मारायचा नाही," सासरे म्हणत. "पोटात अंडी धरायचे दिवस असतील तर मारायचा नाही. दगडाला चिकटून असेल तर मारायचा नाही, भाला दगडावर आपटतो आणि मासा जखमी होऊन पळतो. तो कुठेतरी कपारीत तडफडून मरतो आणि कोणाच्या पोटातही जात नाही. खायचा तेवढाच मारायचा." बंदुकीच्या लाकडी दांड्यावर त्यांनी चाकूने खाचा पाडल्या होत्या, कुठला मासा निदान किती लांब हवा त्याच्या. "आणि नीट अंदाज घे. पाण्यात सगळं मोठं दिसतं. मासा, दगड आणि माणसाचा स्वतःबद्दलचा समज."

तो शेवटचा समज कोणाचा, हे तेव्हा दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

समुद्रात मात्र त्यांनी तिला सगळ्यात जास्त छळलं ते वरच्या कामावरून. एक खाली, एक वर. वरच्याची बंदूक पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयाला अडकवलेली असते, रबर सैल सोडलेलं. बोयावर झेंडा, म्हणजे बोटवाल्यांना कळतं की इथे खाली माणूस आहे. आणि वरच्याचे डोळे खालच्यावर. "खालचा वर आला म्हणजे सुटला असं समजू नकोस," सासरे म्हणत. "माणूस जातो तो वर आल्यावर. डोकं बाहेर, पहिला श्वास घेतला, अंगठा दाखवला, आणि मग दिवा विझावा तसा विझतो. आवाज नाही, धडपड नाही. म्हणून वर आल्यावर अर्धा मिनिट नजर हलवायची नाही. कळलं?"

कळलं होतं. पण अर्धा मिनिट गप्प राहून एका माणसाकडे बघायचं म्हणजे तिच्या दृष्टीने जन्मठेप होती. दुकानात ती कोणाकडे न बोलता बघतच नसे. म्हणून सासरे वर आले, की ती विचारायची, "काय दिसलं?"

पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू देवळात कोणी शिट्टी वाजवली असावी. "इथे पण दुकान उघडलंस का?"

"सांगा ना. काय दिसलं?"

"दगड."

पुढच्या वेळी, "वाळू." त्याच्या पुढच्या वेळी, "तुझं डोकं." पण उत्तर यायचं. न आलं तर ती पुन्हा विचारायची, आणि ती विचारत राहणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे अंगावरची माशी हाकलावी तसं ते काहीतरी बोलून टाकायचे. हळूहळू तो त्यांच्या कामाचाच भाग झाला. डोकं वर, श्वास, श्वास, श्वास, अंगठा, "काय दिसलं?", "दगड." कधी ती खाली गेलेली असेल तर ते वर थांबायचे, पण ती वर आल्यावर त्यांनी कधी काही विचारलं नाही. तीच आपणहून सगळा वृत्तांत द्यायची, श्वास पुरा होण्याआधी.

इतके दिवस होऊनही तिने एकही मासा मारला नव्हता. एक हुकला, दोन खाचेपेक्षा आखूड निघाले, एक तिला ओळखता आला नाही. नवरा रोज बेकरीतून येऊन पातेल्याचं झाकण उघडून बघायचा आणि काही न बोलता बंद करायचा. तिला त्याचं न बोलणं सहन व्हायचं नाही.

त्यानंतर आठवडाभर वारा सुटला. लाटा गढूळ, पाण्यात उतरणं अशक्य. सासरे घरात येरझारा घालत होते. सून दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी कात्री चालवत होती. दोघांनी मिळून घराला नकोसं करून सोडलं. वारा पडला त्या सकाळी सासूबाईंनीच सामान दाराशी आणून ठेवलं.

पाणी इतकं स्वच्छ होतं की बोयाचा दोर तळापर्यंत दिसत होता. सासरे पहिल्या बुडीतच एका कपारीपाशी जाऊन आले. वर आले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"काय दिसलं?"

"आत आहे. एवढा मोठा आहे!" त्यांनी दोन्ही हात पसरले. "तोंड बाहेर काढून बघतोय मेला."

"जरा थांबा. खाली जितका वेळ होतात त्याच्या दुप्पट वर थांबायचं, तुम्हीच सांगता."

"तो थांबणार आहे का?" असं म्हणून ते गेलेसुद्धा. दुसऱ्यांदा वर आले, ते ओठ घट्ट मिटून. मासा आत सरकला होता. तिसऱ्यांदा जाण्याआधी त्यांनी घाईघाईने मोठमोठे श्वास घ्यायला सुरुवात केली, भाता चालवल्यासारखे. हे करायचं नाही, हेसुद्धा त्यांनीच तिला शिकवलं होतं. अशाने शरीराची धोक्याची घंटा मुकी होते. श्वास संपला तरी वाजत नाही.

"बाबा, असे श्वास घेऊ नका."

"मला शिकवतेस?"

आणि त्यांच्या पायांतले रबरी फिन्स हवेत उचलले गेले आणि ते खाली निघाले.

तिने पाहिलं, ते कपारीपर्यंत गेले. पडून राहिले. हलले नाहीत. आता यायला हवेत. आता तरी. शेवटी ते निघाले, मासा न घेता, पाय नेहमीपेक्षा जोरात मारत. वर आले. श्वास घेतला. अंगठा दाखवला.

आणि नेमका तेव्हाच तिच्या खालून एक मासा निघाला. रुपेरी, जाडजूड, पाठीवर गडद पट्टा. तो तिने बाजारात दहा वेळा ओळखला होता. कुठल्याही खाचेने मोजला तरी लांब. दगडापासून दूर, मोकळ्या पाण्यात, आडवा. घाई नसल्यासारखा.

सासऱ्यांनी अंगठा दाखवला होता ना? दाखवला होता. ती वळली. बोयाशी गेली, बंदूक सोडवली, रबराला हात घातला. सवयीने मागे न बघताच विचारलं, "काय दिसलं?"

उत्तर आलं नाही. रुसले असतील, तिला वाटलं. मासा सुटला ना. तिने रबर ओढायला सुरुवात केली. "बाबा, काय दिसलं?"

दगड नाही. वाळू नाही. तुझं डोकंसुद्धा नाही.

तिने वळून पाहिलं. सासरे पाण्यावर पालथे पडले होते, हात खाली लोंबत होते, आणि त्यांची बंदूक दोराच्या टोकाला हळूहळू बुडत चालली होती. शिकवताना त्यांनी तिला असंच पडून राहायला सांगितलं होतं. फरक एवढाच की नळी त्यांच्या तोंडात नव्हती.

पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं. डोक्याला त्यात जागाच नव्हती. हनुवटी वर, तोंड पाण्याबाहेर. मास्क ओढून काढला. कमरेचा शिशाच्या वजनांचा पट्टा सोडला, तो तळाला गेला. डोळ्यांवर फुंकर, गालावर चापट. "बाबा, श्वास घ्या. बाबा! श्वास घ्या!" ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. पुन्हा फुंकर. पुन्हा चापट, या वेळी जोरात. सासऱ्याला कानाखाली मारतोय याचं तिला भान नव्हतं. आता तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा, म्हणून ती वाकली, तोच त्यांच्या घशातून घोरल्यासारखा एक आवाज आला आणि छाती वर उचलली गेली. डोळे उघडले. थोडा वेळ ते कोणाचेच नव्हते. मग ओळखीचे झाले.

"माझा पट्टा कुठेय?" सासरे म्हणाले.

तिला रडूच फुटलं.

"अगं, पट्टा का टाकलास? काय झालं काय तुला?"

"तुम्ही बेशुद्ध होतात!"

"कोण? मी? मी वर आलो, श्वास घेतला, अंगठा दाखवला, आणि तू येऊन अंगावर पडलीस. गाल का चुरचुरतोय माझा?"

काठावर येईपर्यंत ते हेच म्हणत राहिले, आणि काठावर आल्यावर जास्त जोरात म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. त्यांच्या डोक्यात सगळं सलग होतं: पाणी, आकाश, अंगठा, सून. मधली ती घटका कोणीतरी कापून टोकं सफाईने जोडून दिल्यासारखी. डॉक्टरकडे चला म्हटल्यावर त्यांनी तिला वेड्यात काढलं. "घाबरलीस. नवीन माणूस घाबरतो. चालायचंच. पण घरी हे बोलायचं नाही. काही घडलंच नाही तर सांगणार काय? पाणी उद्याही असंच राहील. उद्या तो मासा बाहेर काढतो की नाही बघ."

उद्या. हा शब्द ऐकला आणि तिच्या हातातून फिन गळून पडला.

सांगितलं तर सासूबाई बंदूक भंगारात घालणार आणि सासरे घरात येरझारा घालत झिजणार, सुनेचं तोंड न बघता. नाही सांगितलं तर ते उद्या जाणार, नाहीतर परवा, आणि कधीतरी ते उत्तर देणार नाहीत. आणि सगळ्याच्या तळाशी ती दुसरी गोष्ट होती, जी तिने सासऱ्यांनाही सांगितली नव्हती. ती वळली होती. स्विच सोडून गेली होती. बोलायचं तर तेही बोलावं लागणार होतं.

दुपारी दुकानात तिने एका गिऱ्हाइकाचे केस एका बाजूने इतके आखूड कापले की दुसरी बाजूही कापावी लागली. बाई आरशात बघून हिरमुसली. सून "छान दिसतंय" म्हणाली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळपर्यंत तिने दुकान दोनदा झाडलं, कात्र्या उकळल्या, पुन्हा उकळल्या. सांगायचं, नाही सांगायचं. घराचा जिना चढेपर्यंत तिचं ठरलं नव्हतं.

जेवायला चौघंही होते. सासरे रंगात आले होते. रिकाम्या हाताने आलेला माणूस जास्त बोलतो, तसे ते बोलत होते.

"एवढं तोंड होतं त्याचं," ते मुलाला सांगत होते. "दोनदा गेलो, दोनदा आत सरकला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याच्या आधी जाऊन पडून राहिलो. तो आला, पण आडवा होईना. तोंडावर भाला कसा मारणार? सोडला. वर आलो. हिला अंगठा दाखवला. हिने आपलं नेहमीचं विचारलं, काय दिसलं. मी म्हटलं..."

ते थांबले.

"काय म्हटलंत?" सासूबाईंनी वाढता वाढता विचारलं.

"मी म्हटलं..." त्यांचा घास हातातच राहिला. "आज काय म्हटलं मी?"

त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिच्या जिभेवर शब्द तयार होता. दगड. एवढंच म्हटलं असतं तर ते हसून पुढे गेले असते, भात संपला असता, उद्या उजाडला असता. तिने ओठ दाबून धरले. मग घोटभर पाणी पिऊन तिने तेच विचारलं, जे ती रोज विचारायची.

"काय दिसलं, बाबा?"

सासऱ्यांनी डोळे मिटले. सून बघत होती: ते क्रमाने जात होते. कपार, मासा, वर येणं, आकाश, अंगठा. मग. मग. त्यांच्या कपाळावर आठी पडली, ते मागे गेले, पुन्हा अंगठ्यापर्यंत आले आणि पुन्हा तिथेच अडकले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना उभं करून हेच विचारलं होतं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते एकदम म्हातारे दिसत होते.

"मधलं माझ्याकडे नाही," ते म्हणाले.

मुलाने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"अगं," ते बायकोकडे वळले. "आज मी वर आलो नाही. हिने आणलं मला."

सासूबाईंच्या हातातला डाव भांड्यात परत गेला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. सुनेला विचारलं, "आणि तू कुठे बघत होतीस?"

"माशाकडे," सून म्हणाली. "बाबांनी अंगठा दाखवला, आणि मी बंदूक घ्यायला वळले. माझी पाठ होती."

नवरा खुर्चीत ताठ झाला. सुनेने मान खाली घातली नाही. ती घातली तर पुन्हा वर येणार नाही, हे तिला माहीत होतं.

"मग परत का वळलीस?"

"त्यांनी उत्तर दिलं नाही म्हणून. नुसतं 'तुझं डोकं' म्हणाले असते तरी मी वळले नसते."

सासूबाई उठून आत गेल्या. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला. आत धुण्यासारखं एकही भांडं नव्हतं. सासरे उठले, दारापर्यंत गेले, तिथेच उभे राहिले आणि त्यांना आत जाता येईना.

बंदूक भंगारात गेली नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांना स्वतः डॉक्टरकडे नेलं, आणि डॉक्टरांनी त्यांचं खाली जाणं बंद केलं. वर पोहायला हरकत नव्हती. म्हणून आता सून खाली जाते आणि सासरे वर असतात. वर थांबणं म्हणजे काय असतं, ते त्यांना या वयात कळतं आहे. ती कपारीशी जरा रेंगाळली की त्यांचे पाय पाण्यात उगाचच हलायला लागतात, आणि ती डोकं वर काढते तेव्हा त्यांचा मास्क तिच्या मास्कला टेकायच्या बेतात असतो.

"काय दिसलं?"

"श्वास तरी घेऊ द्या!"

"आधी सांग. काय दिसलं?"

"तुमचे पाय. किती नाचवता!"

तिने अखेर पहिला मासा आणला. खाचेपेक्षा चार बोटं लांब होता. नवऱ्याने पातेल्याचं झाकण उघडलं, बघितलं, आणि या वेळी हसत बंद केलं.

तो प्रश्न मात्र पाण्यात राहिला नाही, घरात आला. सासरे न्हाणीघरात जास्त वेळ राहिले, दुपारी खुर्चीत पेंगले, गच्चीवर जाऊन गप्प झाले, की सासूबाई स्वयंपाकघरातून हाक मारतात. त्यांच्या हाकेत ना गोडवा असतो ना चौकशी.

"काय दिसलं?"

"साबण!" आतून सासरे ओरडतात. नाहीतर, "कावळा!" नाहीतर, "तुझं डोकं!"

मग सासूबाईंची सुरी पुन्हा भाजीवर चालायला लागते. उत्तर येईपर्यंत ती थांबलेली असते.